पेंचचे पाणी राखते कोण?

जुलै २०१९ मध्ये नागपूर महापालिकेवर शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपला होता आणि मृतसाठ्यातून पाणी उचलणे चालू होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच तोतलाडोहचे दरवाजे उघडून पाणी सोडून द्यावे लागले. मधल्या काळात महापालिकेने कोणताही पराक्रम केला नव्हता. पाऊस पडला तो मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या डोंगरात, आणि तो उतरून खाली आला.

शहराचे पाणी कसे चालते हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. आपण पाणीपुरवठा म्हणजे नळ, मीटर, जलकुंभ आणि बिल एवढाच समजतो. या सगळ्याच्या मागे एक मोठे पाणलोट क्षेत्र असते. पाणलोट म्हणजे जमिनीचा असा तुकडा, ज्यावर कुठेही पडलेला पाऊस शेवटी एकाच वाटेने बाहेर पडतो. भूजल यंत्रणेने महाराष्ट्राचे असे सुमारे दीड हजार तुकडे पाडले आहेत. नागपूरच्या नळाचे मुख्य पाणलोट मात्र बरेचसे या नकाशाच्या बाहेर आहे. पेंच आणि कन्हान या दोन्ही नद्या मध्य प्रदेशात, सातपुड्यात उगम पावतात. म्हणजे नागपूरकराच्या पाण्याचे मूळ दुसऱ्या राज्यात, तिथल्या शेतकऱ्याच्या बांधावर आणि तिथल्या जंगलात आहे.

२०१९ चे संकट केवळ पावसाच्या ओढीचे नव्हते. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने चौराई धरण बांधले आणि ते गेल्या दशकाच्या उत्तरार्धात भरू लागले. वरचे भांडे आधी भरणार हे उघड आहे. पाऊस बेताचा झाला की चौराई भरते आणि तोतलाडोह वाट पाहत राहते. पाऊस जोरदार झाला की चौराईचे दरवाजे उघडतात आणि तोतलाडोह काही दिवसांत तुडुंब होते. मध्य प्रदेशाचे यात काही चुकले असे म्हणता येत नाही, कारण त्यांच्याही शेतीला पाणी हवे आहे. पण महापालिकेचा कोणताही अधिकारी चौराईच्या अभियंत्याला हुकूम देऊ शकत नाही. तो विषय दोन राज्य सरकारांमधला आहे. तूट भरून काढण्यासाठी कन्हानचे पाणी लोहघोगरीजवळून बोगद्याने तोतलाडोहात आणण्याची योजना महाराष्ट्राने आखली, तीही याच दोन सरकारांच्या संमतीवर उभी आहे.

एवढ्या परावलंबनात नागपूरला एक गोष्ट अनायासे मिळाली आहे. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. त्याच्या काठावर कारखाना नाही, गुरांचे गोठे नाहीत, सांडपाण्याचा नाला नाही. जंगलातल्या जमिनीवर पालापाचोळ्याचा थर असतो. पावसाचा थेंब त्यावर आदळतो, माती उधळत नाही, पाणी हळूहळू मुरते आणि ओढ्याला येते तेव्हा पुष्कळसे निवळलेले असते. वन विभागाच्या दप्तरी हे जंगल वाघांसाठी राखलेले आहे. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा वन विभाग शहराचा बिनपगारी पाणी-राखणदार आहे. जंगलाचा रक्षक मासेमारांच्या बेकायदा जाळ्यांचा पाठलाग करतो तेव्हा तो नागपूरच्या पिण्याच्या पाण्यावरही पहारा देत असतो. याची नोंद मात्र कोणत्याच खात्याच्या अंदाजपत्रकात सापडत नाही.

जंगल असणे आणि नसणे यातला फरक पाहायला पेंचपर्यंत जायचीही गरज नाही. नागपूरच्या पश्चिमेला दोन तलाव आहेत. १८७० च्या आसपास शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी घडवलेला अंबाझरी आणि १९११-१२ च्या सुमारास बांधलेला गोरेवाडा. दोन्ही पिण्याच्या पाण्यासाठीच होते. दोन्हींच्या मागे उतार, माळ आणि ओढे होते. पुढे अंबाझरीच्या वरच्या भागात वाडीची वस्ती वाढली, हिंगण्याची औद्योगिक वसाहत (एमआयडीसी) आली. वस्तीचे सांडपाणी उताराने तलावात येऊ लागले. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, म्हणजे शेतात आपण पैसे देऊन टाकतो तेच खत. त्यावर जलपर्णी माजते, ती कुजते, पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. अंबाझरी पिण्याच्या पाण्याच्या यादीतून केव्हाच बाद झाला. गोरेवाड्याच्या मागे मात्र जंगल राहिले. आज तिथे प्राणिसंग्रहालय आणि राखीव वन आहे, आणि गोरेवाडा परिसर अजूनही शहराच्या पाणीपुरवठ्याचा भाग आहे. पेंचचे पाणी शुद्ध करणारी मोठी केंद्रेही तिथेच आहेत. एकाच शहराच्या हद्दीवरचे दोन तलाव, त्यांच्या नशिबातला फरक पाण्यात नव्हता, मागच्या जमिनीत होता.

अंबाझरीच्या बाबतीत वरच्या जमिनीचा हिशेब पुन्हा एकदा चुकता झाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव भरून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सिमेंट झालेल्या उतारावर पाणी मुरत नाही, ते सगळे एकदम धावते. त्यानंतर हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की तलावाची देखरेख महापालिकेकडे, वाडीची वस्ती नगर परिषदेकडे आणि कारखान्यांची जमीन एमआयडीसीकडे, अशी वाटणी असली की तलावात येणारे पाणी कोणाचेच नसते.

आता तोतलाडोहकडे परत येऊ. धरणात पाणी आले म्हणजे ते शहराचे झाले असे नाही. पेंच प्रकल्पाचे पाणी शेतीला, औष्णिक वीज केंद्रांना आणि शहराला अशा तीन वाटा धरते. धरणाची मालकी जलसंपदा विभागाकडे आहे आणि विदर्भात हे काम १९९७ मध्ये स्थापन झालेले विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ पाहते. दरवर्षी १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे यावरून पुढच्या आठ महिन्यांचा हिशेब मांडला जातो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आधी पिण्याच्या पाण्याचे आरक्षण बाजूला काढतात आणि मग रब्बीला किती आवर्तने द्यायची ते ठरते. महाराष्ट्राच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे, त्यामुळे शहर या रांगेत पुढे उभे असते. पारशिवनी, रामटेक, मौदा भागातला धान पिकवणारा शेतकरी मागे उभा असतो. नागपूरच्या बंगल्यातल्या हिरवळीवर पाईप सोडताना हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तोतलाडोहच्या खाली नवेगाव खैरीचा जलाशय आहे. पूर्वी तिथून शहराकडे पाणी उघड्या कालव्याने येत असे. उघडा कालवा म्हणजे बाष्पीभवन, झिरप, वाटेत पडणारा कचरा आणि रात्रीतून टाकलेले पंप. नंतर नवेगाव खैरीपासून महादुल्यापर्यंत थेट मोठी जलवाहिनी टाकली गेली. कालवा बंद पाईपमध्ये जाणे हे दिसायला फक्त अभियांत्रिकी काम आहे. प्रत्यक्षात ती स्रोत संरक्षणाची मोठी पायरी आहे, कारण धरणापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत पाण्याला बाहेरचा हात लागत नाही.

महादुल्याहून पाणी गोरेवाडा आणि गोधनीच्या जलशुद्धीकरण केंद्रांत जाते. दुसरा स्रोत कन्हान. तिथले २४० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र पूर्व आणि उत्तर नागपूरचा मोठा आधार आहे. सगळी केंद्रे मिळून शहराला दररोज साडेसहाशे ते सातशे दशलक्ष लिटर पाणी देतात.

केंद्रातल्या प्रयोगशाळेत सगळ्यांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जार टेस्ट. एका ओळीत सहा काचेची भांडी ठेवतात, सगळ्यांत नदीचे किंवा धरणाचे एकाच वेळी आणलेले कच्चे पाणी. प्रत्येकात तुरटीची किंवा पीएसीची (पॉली अॅल्युमिनियम क्लोराइडची) मात्रा थोडी थोडी वाढवत नेतात. मोटर सुरू होते, सहाही पात्यांच्या काड्या आधी वेगाने फिरतात, मग संथ, मग थांबतात. पाच-दहा मिनिटांत मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके बनतात आणि तळाला बसू लागतात. ज्या भांड्यात सगळ्यांत कमी मात्रेत पाणी नितळ झाले, ती मात्रा त्या वेळी पूर्ण केंद्राला लागू होते. उन्हाळ्यात दिवसभर तीच मात्रा चालते. जुलैत पहिला पूर आला की पाणी दर तासाला बदलते आणि ही भांडी दिवसातून अनेकदा मांडावी लागतात. वरच्या डोंगरातले एखादे जंगल कमी झाले, एखाद्या ओढ्याचा काठ नांगरला गेला, की त्याचा पहिला हिशेब या सहा भांड्यांत दिसतो. तुरटी जास्त लागते, गाळ जास्त निघतो, खर्च वाढतो.

त्यानंतर वाळूची गाळणी, मग क्लोरीन. क्लोरीन थोडे जास्तच घालतात, कारण नळापर्यंत पोहोचल्यावरही त्याचा थोडा अंश पाण्यात शिल्लक राहायला हवा. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे. हा उरलेला अंश वाटेतल्या जंतूंवर पहारा ठेवतो.

वाटेतले जंतू येतात कुठून? इथे नागपूरचा अनुभव इतर शहरांनी अभ्यासण्यासारखा आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होतो. शेजारून गटार जात असेल आणि पाईपच्या सांध्याला बारीक चीर असेल, तर रिकामा पाईप बाहेरचे घाण पाणी आत ओढून घेतो. त्यात एखाद्याने थेट नळाला टुल्लू पंप लावला तर विचारूच नका, शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आणि गटाराचे पाणी दोन्ही तो एकदमच खेचतो. सकाळचे पहिले पाणी गढूळ येते ते याच कारणाने. पाईपमध्ये चोवीस तास दाब असेल तर चिरेतून पाणी बाहेर जाईल, आत काही येणार नाही. म्हणून २४ तास पाणी ही चैन नसून आरोग्याची गोष्ट आहे, असे तज्ज्ञ सांगतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. नागपूरने आधी धरमपेठ भागात प्रयोग केला. मग १ मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे पंचवीस वर्षांच्या करारावर शहराचा पाणीपुरवठा सोपवला. पाण्याची आणि नळयोजनेची मालकी महापालिकेकडेच राहिली. या कराराबद्दल नागपुरात भरपूर वाद झाले, बिलांवरून तर अजून होतात. सगळ्या शहराला चोवीस तास पाणी ठरलेल्या मुदतीत मिळाले नाही, हेही खरे. पण ज्या वस्त्यांत जुने सडलेले पाईप बदलले तिथे पाणी दूषित होण्याचे एक कारण कायमचे गेले, हे श्रेय द्यायला हवे.

कन्हानची गोष्ट पेंचपेक्षा अवघड आहे. खापरखेड्याजवळ बिना इथे पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात, आणि शहराचे कन्हान केंद्र या संगमाच्या खालच्या अंगाला आहे. कोलारच्या परिसरात कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आणि त्यांची राखेची तळी आहेत. शिवाय या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी कोलारमार्गे कन्हानमध्ये उतरले. राखेचे कण अतिशय बारीक असतात, ते मातीसारखे सहज बसत नाहीत. शुद्धीकरण केंद्र अशा पाण्यासाठी बांधलेलेच नसते.

अशा वेळी दार कोणाचे ठोठावायचे? महापालिका ग्राहक आहे, ती वीज केंद्रावर कारवाई करू शकत नाही. तो अधिकार जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. ते संमतीपत्र देते, नमुने घेते, नोटीस बजावते, बंद करण्याचा आदेशही देऊ शकते. मंडळाची गती हा वेगळा विषय आहे. नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थेने इतर संस्थांसह राखेमुळे दूषित झालेल्या गावांच्या पाण्याचा अभ्यास लोकांसमोर आणला, गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि खसाळ्याच्या घटनेआधीच, २०२२ च्या सुरुवातीला, नांदगावच्या राख तलावात राख टाकणे थांबवण्यात आले. कायदा मंडळाच्या हातात असतो. पण तो हलवायला बाहेरून कोणीतरी नमुन्याची बाटली घेऊन जावे लागते, हे यातून दिसले.

औष्णिक केंद्रांच्या बाबतीत नागपूरने एक गोष्ट देशातल्या बहुतेक शहरांच्या आधी केली आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. भांडेवाडी इथे शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी पाईपने कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. आधी १३० दशलक्ष लिटरचे केंद्र झाले, नंतर २०० दशलक्ष लिटरचे. वीज केंद्राला थंड करण्यासाठी पाणी हवे असते, ते पिण्यायोग्य असण्याची गरज नाही. तेवढे पेंचचे पाणी धरणात वाचते. नवे धरण बांधण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि कोणाचे गाव बुडवावे लागत नाही.

प्रक्रियेविना उरलेले सांडपाणी मात्र नाग आणि पिवळी या नद्यांतून पूर्वेकडे वाहते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. धरणाच्या फुगवट्याने प्रवाह मंदावला आणि भंडारा शहरातून पाण्याच्या दर्जाबद्दल तक्रारी सुरू झाल्या. नागपूर चौराईकडे बोट दाखवते, भंडारा नागपूरकडे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्र सरकारने जपानी अर्थसाहाय्याचा सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर केला आहे. तो नागपूरच्या सौंदर्यीकरणाचा प्रकल्प म्हणून सांगितला जातो. भंडारेकराच्या दृष्टीने तो पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प आहे, आणि माझ्या मते त्याचे मोजमाप भंडाऱ्यातच व्हायला हवे.

या सगळ्यात नागपूरकडे एक मोठी शक्ती आहे, ती म्हणजे नीरी. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून १९५८ मध्ये ती नागपुरात सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. पाण्यातले जादा फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढण्याची नालगोंडा पद्धत इथे तयार झाली. पूर, भूकंप अशा आपत्तीत गढूळ पाणी पिण्याजोगे करणारा नीरी-झर हा वीज न लागणारा फिल्टरही इथलाच. कर्दळीसारख्या झाडांच्या मुळांतून सांडपाणी गाळणारी फायटोरिड पद्धत सोसायट्यांना आणि संस्थांना परवडणारी आहे. नीरी कोणाला दंड करत नाही, पाणीपुरवठाही करत नाही. ती तपासते, उपाय सुचवते आणि न्यायालय किंवा महापालिका विचारेल तेव्हा अहवाल देते. तिचा अहवाल हातात घेऊन पुढे कोण जाणार, यावर सगळे ठरते.

आतापर्यंत धरणाचे आणि नदीचे झाले. नागपूर जिल्ह्यातली खेडी मात्र बहुतांश विहिरी आणि बोअरवेलवर जगतात, आणि जमिनीखालचे पाणी वेगळ्या खात्याकडे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मे महिन्याची पातळी सगळ्यांत खोल असते आणि ऑक्टोबरची सगळ्यांत वर, या दोन्हींतल्या फरकावरून पावसाने किती पुनर्भरण केले ते कळते. केंद्रीय भूजल मंडळाचेही प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. शहराच्या पायाखालीच खडक बदलतो. पश्चिमेला काटोल, नरखेड, हिंगण्याकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, तर पूर्वेला जुने पट्टिताश्म आणि गोंडवाना काळातला वालुकाश्म. बेसॉल्टमध्ये पाणी फक्त भेगांत आणि कुजलेल्या थरात राहते. म्हणून एका शेतात बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडे दोनशे फुटांवर धूळ निघते.

वरूड-मोर्शीपासून नरखेड-काटोलपर्यंतच्या संत्रापट्ट्यात झाडे जगवण्यासाठी बोअर खोल खोल गेले. या भागातल्या अनेक पाणलोटांत पाण्याचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेत नागपूर जिल्ह्यातले काटोल आणि नरखेड तालुके घेतले आहेत. त्यात गावाने स्वतःचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. पाऊस किती, विहिरीत किती मुरले, संत्र्याला किती, गव्हाला किती, माणसे-गुरांना किती, आणि तूट किती. कागदावर तूट दिसली की ठिबक, पीक बदल, बांध यांची चर्चा सुरू होते. कायदाही आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालण्याची तरतूद केली. गावात बोअरचे मशीन रात्री येते आणि सकाळपर्यंत काम उरकून जाते, हे सगळ्यांना माहीत आहे.

गावपातळीवर पाण्याच्या गुणवत्तेची व्यवस्था महाराष्ट्रात चांगली रचलेली आहे, लोकांना तिची माहिती कमी आहे एवढेच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक स्रोतांचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीच्या काठाला भेग आहे का, जवळ गुरे बांधतात का, शौचालयाचा शोषखड्डा किती अंतरावर आहे, व्हॉल्व्हमध्ये पाणी साचते का, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा आहे का, हे सगळे पाहून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. सतत पाच वर्षे हिरवे कार्ड राखले तर चंदेरी. लाल कार्ड म्हणजे त्या गावात साथीचा धोका आहे.

टीसीएल टाकण्याचे गणित सोपे आहे. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम चांगली पावडर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण ३७,७०० लिटर होते आणि पावडर लागते सुमारे १९० ग्रॅम. ती कोरडी भुरभुरत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुना तळाला बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी विहिरीत सोडायचे, पोहरा खालीवर करून मिसळायचे आणि किमान अर्धा तास पाणी उपसायचे नाही. उन्हात उघडी ठेवलेली पावडर निकामी होते, त्यामुळे पिशवीचे तोंड घट्ट हवे. काम झाले की नाही हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट सांगते. नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर ते पाणी उकळूनच प्यावे.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. जिथे त्या महिला खरोखर तपासणी करतात तिथे नायट्रेट वाढलेले लवकर लक्षात येते. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते विशेषतः तान्ह्या बाळांना घातक. ते येते रासायनिक खत, उकिरडा आणि शोषखड्ड्यांतून, आणि पाणी उकळून ते जात नाही.

सरकारी चौकटीबाहेरही लोक कामाला लागलेले आहेत. नागपुरात ग्रीन व्हिजिल फाउंडेशन गणेश विसर्जनाच्या आधी आणि नंतर तलावांच्या पाण्यातला प्राणवायू आणि गढूळपणा मोजते आणि आकडे जाहीर करते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या तामसवाड्याचा नाला खोल आणि रुंद करून पाणी मुरवण्याचा प्रयोग झाला, तो तामसवाडा पॅटर्न म्हणून ओळखला जातो. भंडारा-गोंदिया भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गावकऱ्यांबरोबर मालगुजारी तलावांत पुन्हा देशी वनस्पती लावल्या, गाळ काढला, मासे परत आणले. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट आणि पाणी फाउंडेशन यांची कामे मराठी वाचकाला माहीत आहेतच. माथा ते पायथा, आधी चर मग बांध, हा क्रम त्यांनी गावोगाव रुजवला. नाला खोलीकरणाबाबत भूजलतज्ज्ञांचे आक्षेपही ध्यानात घ्यावेत. कठीण खडकापर्यंत खणत गेले तर साठलेले पाणी जमिनीत न मुरता उघड्यावर वाफ होऊन जाते.

मग तुम्ही काय करायचे? पाण्याला वास आला, रंग आला किंवा गावात जुलाब वाढले, तर तक्रार तोंडी करू नका. तारीख, वेळ, किती मिनिटांनी पाणी निवळले, कोणत्या घरापर्यंत त्रास आहे, हे लिहून ठेवा. शहरात महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि पाणीपुरवठा कंपनीकडे, नदीत रसायन किंवा राख दिसल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आणि पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या गावाला यंदा कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आणि सर्वेक्षणाचा कागद कुठे आहे?